कार्ब्युरेटर, मोटारसायकलीचा : अडकलेल्या भागांची सोडवणूक

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल व हवा यांचे ज्वलनास योग्य असे मिश्रण करून ते एंजिनाच्या सिलिंडराकडे पाठविणारे साधन. मोटारगाडीच्या कार्ब्युरेटरात हवेच्या मार्गाची उघडझाप बहुधा आसाभोवती फिरणाऱ्या चकतीने होते. मोटारसायकलीच्या पारंपरिक कार्ब्युरेटरात हे काम एका पोकळ नळकांड्याकडे असते. मुठीला जोडलेल्या तारेने ते वर ओढले जाते व डोक्यावरील स्प्रिंगेच्या दाबाने खाली बसते. यालाच स्लाइड म्हणतात. स्लाइडला अडकविलेली निमुळती सुई खालच्या जेटमध्ये वरखाली होते व पेट्रोलचे प्रमाण ठरविते. घासणारा पृष्ठभाग मोठा, मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांची आणि धातू मऊ व लवकर संक्षारण पावणारा, अशा तीन गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत. त्यामुळे गाडी दीर्घकाळ उभी राहिली की प्रथम जे भाग जाम होतात, त्यांत कार्ब्युरेटरच्या भागांचा क्रम बराच वर लागतो. हे भाग न फोडता मोकळे करण्याची रीत कारागिरांनी हळूहळू घडवीत नेली. ती समजून घेण्यासाठी कार्ब्युरेटरच्या रचनेचा व विशेषतः त्याच्या धातूचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

आरंभीचे प्रकार : गोट्लीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीतील कानश्टाट येथे लाकडी सांगाड्याची जी मोटारचलित दुचाकी तयार केली, तिचे कार्ब्युरेटर पृष्ठभाग प्रकारचे होते. पेट्रोलच्या संपर्कातून हवा ओढून घ्यावयाची व तिच्याबरोबर जेवढे बाष्प येईल तेवढे सिलिंडरात जाऊ द्यावयाचे, इतकेच त्याचे कार्य होते. १८९४ पासून म्यूनिक येथे विक्रीसाठी तयार होऊ लागलेल्या हिल्डेब्रांट व वोल्फम्युलर या मोटारसायकलीवरही हाच प्रकार होता. अशा कार्ब्युरेटरात अडकण्याजोगे फारसे काही नव्हते. मात्र रस्त्यातील प्रत्येक गचक्याने व हवामानातील प्रत्येक फरकाने मिश्रण बिघडत असे, आणि हवा ओढून झाल्यावर पेट्रोलचा जड, सहज न उडणारा अंश तळाशी साचून राही.

१८९३ मध्ये हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी, तसेच त्याच वर्षी मायबाखने, बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. पेट्रोलची पातळी कायम राखण्यासाठी तरंगता फ्लोट व त्याच्यावरील सुईची झडप हे भाग या पद्धतीबरोबर स्थिर झाले. मिश्रणावर प्रथमच ताबा आला. पण त्याचबरोबर कार्ब्युरेटरचे आरोग्य एका सूक्ष्म छिद्रावर अवलंबून राहू लागले, आणि तेथूनच त्याच्या दुखण्यांचा इतिहास सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ब्रिटनमध्ये दोन दांड्यांचे कार्ब्युरेटर रूढ झाले. त्यात थ्रॉटलची स्लाइड व हवेची स्लाइड अशा दोन स्लाइडी असून त्यांच्या दांड्या हॅन्डलवर बसविलेल्या असत. चालविणाऱ्याला चढ, उतार, थंडी, ऊन यांप्रमाणे दोन्ही दांड्या सतत जुळवाव्या लागत. हवेची स्लाइड थ्रॉटलच्या स्लाइडीच्या पोटातच सरकत असल्यामुळे घासणाऱ्या जोड्या एकाच्या दोन झाल्या. ब्राउन अँड बार्लो, अमॅक आणि बिंक्स हे या काळातील प्रमुख निर्माते होत. बिंक्सच्या एका नमुन्याला ‘माउसट्रॅप’ म्हणजे उंदराचा सापळा असे नाव होते. ते त्याच्या कार्याला फारसे लागू पडत नसले, तरी ध्यानात मात्र चांगले राहिले. १९२७ मध्ये या तीन संस्था एकत्र येऊन बर्मिंगहॅम येथे अमल ही संस्था उभी राहिली. एकत्रीकरण या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप म्हणजे तिचे नाव. पुढील चार दशके बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस, एरियल, रॉयल एन्फील्ड आदी बहुतेक सर्व ब्रिटिश मोटारसायकलींवर अमल कार्ब्युरेटर बसत गेले. जुन्या कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीविषयीचे बरेचसे व्यावहारिक ज्ञान या एका घराण्याच्या कार्ब्युरेटरांवरच गोळा झालेले आहे.

अमलची रचना : १९५० पर्यंतच्या अमल कार्ब्युरेटरात फ्लोटची कोठी स्वतंत्र असून ती मिश्रणकोठीला तळातून एका मोठ्या नटाने जोडलेली असे. दुसऱ्या महायुद्धात संदेशवाहक स्वारांनी वापरलेल्या बीएसए एम २० व नॉर्टन १६ एच या गाड्यांवरील २७६ हा नमुना याच जातीचा. १९५४-५५ च्या सुमारास मोनोब्लॉक हा नमुना आला. त्यात दोन्ही कोठ्या एकाच ओतीव तुकड्यात आणण्यात आल्या. १९६७ मध्ये आलेल्या कॉन्सेंट्रिक नमुन्यात फ्लोटची कोठी जेटच्या भोवतीच, स्लाइडीच्या बरोबर खाली बसविली गेली. पेट्रोलची पातळी वळणावर व उतारावर बदलू नये हा यातील प्रमुख हेतू होता.

अमलच्या मुख्य जेटवर कोरलेला आकडा छिद्राचा व्यास नसून मिनिटाला त्यातून किती घन सेंमी. पेट्रोल वाहते याचा निदर्शक असतो. ही गोष्ट दुरुस्तीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. छिद्राच्या तोंडाचा आकार, आतील गुळगुळीतपणा व कडेचा धारदारपणा या सर्वांचा प्रवाहावर परिणाम होतो. म्हणून तुंबलेले जेट तारेने टोकरून मोकळे केल्यास छिद्र दिसावयास तेवढेच राहते, पण त्यावरील आकडा खोटा ठरतो. असे टोकरलेले जेट बसवून पुढे वर्षभर मिश्रण जुळविण्याची खटपट करणारे लोक कमी नाहीत.

धातूतील बदल : आरंभीची कार्ब्युरेटरे बहुधा पितळेची किंवा ब्राँझची असत. ती जड व महाग होती, पण त्यांवर पेट्रोलचा वा पाण्याचा परिणाम थोडाच होई. मागणी वाढली तसे वितळलेला धातू दाबाखाली पोलादी साच्यात ओतण्याचे तंत्र, म्हणजे डायकास्टिंग, या धंद्यात शिरले. या तंत्राला जस्ताची मिश्रधातू सर्वांत सोयीची ठरली. ती ३८० ते ३९० से. च्या दरम्यान वितळते, साच्याच्या बारीक कोपऱ्यांत चांगली शिरते आणि ओतल्यावर तिच्यावर यंत्रकाम थोडेच करावे लागते. परंतु १९२० च्या दशकाच्या आरंभापर्यंत जस्ताच्या ओतीव वस्तूंना एक विचित्र रोग जडत असे. काही वर्षांत त्या फुगत, त्यांवर सुरकुत्यांप्रमाणे भेगा पडत व शेवटी हाताने चुरा होई. जस्तातील शिसे, कथिल व कॅडमियम यांचे अत्यल्प अंश कणांच्या सीमांवर साचून तेथून संक्षारण पसरते, हे अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीच्या संशोधनातून त्या दशकात स्पष्ट झाले. ९९·९९% शुद्ध जस्त, त्यात सु. ४% ॲल्युमिनियम व थोडे मॅग्नेशियम अशी झॅमॅक ही मिश्रधातू त्या कंपनीने १९२९ मध्ये आणली. ब्रिटनमध्ये तिलाच मॅझॅक म्हणतात. १९३० च्या दशकात मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरचे शरीर सर्रास या धातूचे होऊ लागले.

यामुळे वस्तू स्वस्त झाली, पण तिच्या आयुष्याचे गणित बदलले. पितळेचे जेट जस्ताच्या शरीरात आट्यांनी बसविले की ओलाव्याच्या उपस्थितीत त्यांचा विद्युत् घट तयार होतो व त्यात झिजण्याची पाळी जस्ताची येते. जस्ताचे ऑक्साइड मूळ धातूच्या दीडपटीहून अधिक जागा व्यापते, हायड्रॉक्साइड त्याहूनही अधिक. ही पांढरी भुकटी आट्यांच्या फटींत ठासून बसते व जेटला पाचरीप्रमाणे आवळते. जुनी स्लाइड पुष्कळदा पितळी असे. नंतरच्या नमुन्यांत स्लाइडही जस्ताचीच झाली. जस्तावर जस्त घासणे ही यंत्रशास्त्राच्या दृष्टीने वाईट जोडी होय. ती लवकर झिजते आणि कोरडी पडल्यास एकमेकींना चिकटते. काटकसरीचा हा निर्णय कारखान्याच्या हिशेबात योग्य असेल, परंतु त्याची किंमत पुढे दुरुस्ती करणाऱ्यांना मोजावी लागली असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

अडकण्याची कारणे : जाम झालेले कार्ब्युरेटर हातात आल्यावर ते कशाने जाम झाले आहे हे ओळखण्यात निम्मे काम असते. कारण तीन प्रकारच्या अडथळ्यांवर तीन वेगळे उपाय आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास नुकसान होते.

पहिला अडथळा पेट्रोलच्या गोंदाचा. पेट्रोलमधील असंपृक्त हायड्रोकार्बने हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावतात व त्यांपासून क्रमाक्रमाने मोठे, चिकट रेणू तयार होतात. हलका भाग उडून गेल्यावर हा गोंद तपकिरी लाखेप्रमाणे कठीण होतो. त्याला आंबट, कुजकट असा ओळखू येणारा वास असतो. दुसरा अडथळा संक्षारणाचा. फ्लोटच्या कोठीच्या तळाशी साचलेल्या पाण्याच्या थेंबापासून तो सुरू होतो व पांढऱ्या वा हिरवट भुकटीने ओळखता येतो. हिरवटपणा पितळेतील तांब्याचा. तिसरा अडथळा निव्वळ यांत्रिक असून तो माणसाने केलेला असतो. कार्ब्युरेटर एंजिनाला ज्या दोन छिद्रांच्या पट्टीने जोडतात, तिचे नट गरजेपेक्षा जोराने आवळल्यास मऊ धातूची ती पट्टी धनुष्याप्रमाणे वाकते. वाक शरीरात पोहोचला की स्लाइडची गोल कोठी किंचित लंबगोल होते. स्लाइड खाली असता ती सुटी वाटते व वर नेली की अडकते, किंवा याच्या उलट होते. कॉन्सेंट्रिक नमुन्यात पट्टीच्या खाचेत रबरी कडी असल्यामुळे आवळताना नट ‘अजून बसला नाही’ असा भास होई व हा दोष विशेषेकरून आढळे. अशा कार्ब्युरेटरला कितीही भिजत ठेवले, तरी उपयोग होत नाही. पट्टीच्या तोंडावर सरळ पट्टी धरून पाहिल्यास दोष क्षणात दिसतो.

अडकलेल्या स्लाइडीचा प्रश्न केवळ गाडी सुरू होण्याचा नाही. अर्धवट मोकळी झालेली स्लाइड उघडी राहून अडकली, तर मूठ सोडूनही एंजिनाचा वेग कमी होत नाही. म्हणून स्लाइड ‘चालते’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. स्प्रिंग काढून टाकून, कोठी कोरडी पुसून, स्लाइड स्वतःच्या वजनाने तळापर्यंत घसरली पाहिजे, ही जुन्या कारागिरांची कसोटी आहे. शरीर पट्टीने बसविल्यावर, नट आवळून, तीच कसोटी पुन्हा घ्यावयाची असते.

सोडवणुकीच्या रीती : सर्वांत जुनी रीत भिजविण्याची. रॉकेल, डीझेल, पातळ खनिज तेल यांत कार्ब्युरेटर काही दिवस बुडवून ठेवणे हा उपाय सर्वत्र चालत आला आहे. अशी तेले केशाकर्षणाने फटीत शिरतात व घर्षण कमी करतात, परंतु जुना गोंद ती विशेष विरघळवीत नाहीत. त्यासाठी ॲसिटोन, टोल्यूइन किंवा अल्कोहॉल यांसारखी विद्रावके लागतात. अमेरिकेतील कार्यशाळांत डायक्लोरोमिथेन असलेले द्राव दीर्घकाळ वापरात होते. गोंदावर ते फार परिणामकारक, पण फुप्फुसे व यकृत यांना घातक. २०२४ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. विद्रावकात बुडविण्यापूर्वी रबरी कड्या, तंतुमय वॉशर व कोणताही प्लॅस्टिकचा फ्लोट काढून ठेवणे अर्थातच आवश्यक असते. ते निघतच नसतील, तर त्यांचा नाश गृहीत धरावा लागतो.

भिजविण्याने जे सुटत नाही ते बहुधा उष्णतेने सुटते. यामागील तत्त्व साधे असले, तरी त्याचा वापर पुष्कळदा चुकीचा होतो. तापमान १ से. ने वाढल्यास जस्ताची मिश्रधातू आपल्या लांबीच्या सु. २७ दशलक्षांश इतकी प्रसरण पावते. पितळ सु. १९, पोलाद सु. १२. २५ मिमी. व्यासाची पितळी स्लाइड जस्ताच्या कोठीत अडकलेली असून दोन्ही २५ से. पासून उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत नेली, तर कोठीचा व्यास सु. ०·०५ मिमी. ने वाढतो व स्लाइडचा सु. ०·०३५ मिमी. ने. मिळणारी मोकळीक ०·०१५ मिमी. एवढीच असते, पण भुकटीचा थर फुटण्यास ती पुरते. जेटच्या ६ मिमी. व्यासाच्या आट्यांत हा फरक आणखी लहान, मिलिमीटरच्या हजारांशात मोजावा लागेल एवढा असतो. तरीही तापविणे व थंड करणे चार-सहा वेळा आलटूनपालटून केल्यास आटे सैल होतात. पोलादी स्क्रू जस्तात अडकलेला असेल, तर प्रसरणातील तफावत जवळजवळ दुप्पट असल्याने तो त्या मानाने लवकर दाद देतो.

परंतु स्लाइड व कोठी दोन्ही जस्ताची असतील, तर सावकाश तापविण्याने काहीच साधत नाही. दोन्ही एकाच प्रमाणात फुगतात. तेथे बाहेरचे शरीर झपाट्याने गरम व आतील स्लाइड अद्याप थंड अशी अवस्था काही सेकंदांपुरती साधावी लागते. कारागीर यासाठी कार्ब्युरेटर उलटे धरून बाहेरून उकळते पाणी ओततात आणि त्याच क्षणी स्लाइड हलविण्याचा प्रयत्न करतात. उष्णता आत पोहोचली की संधी गेली. मग सर्व थंड होऊ द्यावयाचे व पुन्हा आरंभ करावयाचा. अडथळा गोंदाचा असल्यास मात्र सावकाश तापविणेही उपकारक ठरते, कारण उष्णतेने गोंद मऊ होतो.

या कामी ज्योतीचा वापर हा अनेक कार्ब्युरेटरांचा शेवट ठरला आहे. लोखंड तापले की लाल होऊन इशारा देते. जस्ताची मिश्रधातू रंग न बदलता ३८० से. च्या पुढे एकाएकी ढासळते, आणि त्याच्या कितीतरी आधीच तिची ताकद ओसरलेली असते. कोठीच्या कोपऱ्यात जुन्या पेट्रोलचा अंश असल्यास आगीचा धोका वेगळाच. उकळत्या पाण्याचा मोठा गुण हा की, ते १०० से. च्या वर जाऊच शकत नाही.

बळाचा वापर शेवटी, व तोही योग्य दिशेने. मोनोब्लॉकमध्ये जेट ब्लॉक हा सुटा भाग मिश्रणकोठीत तळाशी बसलेला असून तो वरच्या बाजूने निघतो. त्याला अडविणारा लहान स्क्रू शरीराच्या बाजूस असतो. हा स्क्रू न काढताच खालून ठोकून ब्लॉक व शरीर दोन्ही फोडल्याची उदाहरणे विपुल आहेत. स्क्रू काढल्यावर जेटचा आधार दोन-तीन आटे परत फिरवून त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोकल्यास ब्लॉक सरळ वर येतो. स्लाइडला पक्कडीने धरणे, तिच्या खालच्या तिरप्या कडेवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठोकणे किंवा तारेच्या साहाय्याने ती ओढणे, हे तिन्ही प्रकार वर्ज्य होत. तिरप्या कडेच्या उंचीवर कमी वेगातील मिश्रण अवलंबून असते व तेथे पडलेली खाच भरून काढता येत नाही. जेटच्या खाचेत बरोबर मावणारा, समांतर कडांचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. साध्या निमुळत्या टोकाने पितळेची खाच उलते. खाच गेलीच, तर जेटच्या मधोमध लहान छिद्र पाडून त्यात डाव्या आट्यांचे निष्कर्षक फिरवितात. तेही फसल्यास जेट ड्रिलने पोखरून आट्यांचे अवशेष सुईने उचलून काढण्यावाचून मार्ग उरत नाही.

येथे आट्यांच्या मापाचा प्रश्न उपस्थित होतो. अमलचे बारीक स्क्रू ब्रिटिश असोसिएशन म्हणजे बीए मापाचे. त्यांच्या आट्यांचा कोन ४७·५ अंश असतो, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंश. जवळपासच्या मेट्रिक मापाचा स्क्रू बीए छिद्रात दोन फेरे जातो, मग जड होतो. जोर केल्यास मऊ जस्त कापून तो बसतोही. त्या क्षणी काम झाल्यासारखे वाटते, पण पुढील उघडणीला आटे भुकटी होऊन स्क्रूबरोबर बाहेर येतात.

आधीच्या पिढीतील कॉन्सेंट्रिकमध्ये मंद गतीचे जेट काढता येत असे. नंतर चार धावी एंजिनांसाठी त्याऐवजी खोल बिळात कायमची दाबून बसविलेली, ०·०१६ इंच म्हणजे सु. ०·४ मिमी. छिद्राची नळी आली. ती दिसत नाही, निघत नाही व गोंदाने प्रथम तीच तुंबते. मिश्रणाच्या स्क्रूच्या छिद्रातून त्याच मापाचे बारीक ड्रिल बोटांच्या चिमटीत फिरवून ती साफ करण्याची युक्ती कारागिरांनी शोधली. येथे ड्रिल कापण्यासाठी नसून केवळ मार्ग शोधण्यासाठी असते. ध्वन्यातीत कंपनांनी द्रवात सफाई करणारी भांडी आता लहान कार्यशाळांतही आली असून अशा आंधळ्या वाटांसाठी ती फार उपयुक्त आहेत. तथापि त्यांतील द्राव तीव्र अल्कधर्मी असू नये. जस्त हे अम्ल व अल्क या दोहोंनीही खाल्ले जाते.

भारतातील परिस्थिती : महायुद्ध संपल्यावर भारतात राहिलेल्या लष्करी मोटारसायकली लिलावाने विकल्या गेल्या व त्यांच्याबरोबर अमल कार्ब्युरेटर गावोगावच्या मिस्तरींच्या हाती आले. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स व रेडिच येथील रॉयल एन्फील्ड यांच्या सहकार्याने एन्फील्ड इंडिया स्थापन झाली. तिच्या बुलेटवर प्रथम मोनोब्लॉक व पुढे जपानी मिकुनी पद्धतीचे मिकार्ब कार्ब्युरेटर आले. म्हैसूर येथे १९६१ पासून तयार होणाऱ्या जावा व नंतरच्या येझ्दीवर चेकोस्लोव्हाकियातील यिकोव्ह पद्धतीचे कार्ब्युरेटर असे. अशा रीतीने ब्रिटिश, चेक व जपानी अशा वेगवेगळ्या मापपद्धती एकाच मिस्तरीच्या पेटीत येऊन पडल्या. बीए आट्यांची जी दैना वर सांगितली, तिचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

जावा, येझ्दी व राजदूत या दोन धावी गाड्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळत असल्यामुळे त्यांच्या कार्ब्युरेटरचा आजार निराळा असतो. पेट्रोल उडून गेल्यावर तेलाचा डांबरासारखा थर उरतो. तो स्लाइडला चिकटवितो खरा, पण धातूला पाण्यापासून काही प्रमाणात वाचवितोही. हा थर रॉकेलने निघतो. चार धावी बुलेटच्या कार्ब्युरेटरला असे कवच नसते. कोकण किनाऱ्यावर व मुंबईत पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीत दमट, खारट हवेतील पाणी अर्धवट भरलेल्या कोठीत साठते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तळ पांढऱ्या भुकटीने भरतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस होऊन असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा पुरातून निघालेल्या गाडीचे कार्ब्युरेटर लगेच उघडून धुतले, तर ते वाचते. चिखल आत वाळला, तर वर वर्णिलेला सर्व खटाटोप ओढवतो.

पितळी भांडी चिंचेने उजळण्याची घरगुती रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तीच रीत कार्ब्युरेटरला लावण्याचा मोह होतो व सुटे केलेले पितळी जेट चिंचेच्या पाण्यात खरोखरच लखलखीत होते. परंतु संपूर्ण कार्ब्युरेटर चिंचेच्या, लिंबाच्या वा व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यास पितळ उजळते आणि जस्त झिजते. सकाळी स्लाइड सुटलेली आढळते, पण कोठीचा पृष्ठभाग खरखरीत होऊन हवा गळू लागते व मंद गतीला एंजिन कधीच स्थिर राहत नाही. दुसरी एक सवय जेटमधून तोंडाने फुंकण्याची. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. त्यापूर्वी बंद पडलेल्या गाडीच्या कोठीतील गाळात शिशाची संयुगे असू शकतात. असा गाळ ओठांना लागू देणे घातक आहे.

सुट्या भागांसाठी मुंबईचा चोरबाजार व पुण्यातील बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार हे जुन्या गाड्यांच्या मालकांचे पिढ्यान् पिढ्यांचे आधार होत. तेथे मिळणारे मोडके कार्ब्युरेटर बहुधा त्याच्या शरीरासाठी नव्हे, तर अडकून राहिल्यामुळेच सुरक्षित राहिलेल्या जेट व सुईसाठी घेतले जाते. नकली जेटवर आकडा कोरलेला असतो, पण त्यामागे प्रवाहाचे मोजमाप असेलच असे नाही.

अलीकडील स्थिती : भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मर्यादा लागू झाली व नव्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरची जागा जवळजवळ पूर्णपणे इंधन अंतःक्षेपणाने घेतली. जुन्या गाड्यांपुढे मात्र नवी अडचण उभी राहिली आहे. पेट्रोलमधील एथॅनॉलाचे प्रमाण २०२२ मध्ये १०% पर्यंत पोहोचले व २०२५ मध्ये २०% पर्यंत नेण्यात आले. एथॅनॉल गोंद सैल करते, ही त्याची जमेची बाजू. पण ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व एथॅनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसतो. नेमक्या त्याच ठिकाणी जस्ताची कोठी व पितळेचे जेट असते. गाडी महिनाभरापेक्षा अधिक काळ उभी राहावयाची असल्यास पेट्रोलचा नळ बंद करून कोठी रिकामी करणे हे आता पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

अमलचे मोनोब्लॉक व कॉन्सेंट्रिक हे दोन्ही नमुने इंग्लंडमधील सॉल्झबरी येथील बर्लेन ही संस्था नव्याने तयार करते. काही नव्या नमुन्यांत कठीण ॲनोडीकृत ॲल्युमिनियमची स्लाइड दिली जाते व मंद गतीचे जेट पुन्हा काढता येण्याजोगे केले आहे, म्हणजे १९६७ नंतरची एक चूक अर्ध्या शतकाने दुरुस्त झाली. ही स्लाइड जुन्या शरीरातही बसते. मात्र जुनी कोठी झिजून लंबगोल झालेली असल्यास नवी स्लाइड बसविण्यापूर्वी कोठी गोल करून घ्यावी लागते, आणि पट्टी वाकलेली असल्यास सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून, शरीर आठच्या आकड्याच्या वाटेने फिरवीत, ती घासून सरळ करतात. पेट्रोलचे मार्ग या घासकामातील भुकटीने पुन्हा तुंबू नयेत म्हणून सर्व धुणे व फुंकणे या कामानंतर करावयाचे असते, आधी नव्हे.